दुश्मनांची तब्येत

लग्नानंतरची पहिली काही वर्षं रोज सकाळी मी पेशकारसाहेब व्हायची. म्हणजे चुलीपुढं बसून भाकरी थापायची आणि परातीतून मान वर न करता घोगऱ्या आवाजात विचारायची, "मिजाज शरीफ?"

आमचे हे शेरवानीची बटणं लावता लावता म्हणायचे, "हुजूर की दुआ है."

"घर में सब खैरियत?"

"अल्लाह का करम, हुजूर की इनायत."

"गर्मी बहुत है इस साल."

"बजा फर्माया हुजूर ने."

बजा फर्माया म्हणजे आपण बोललात ते अगदी बरोबर. पेशकारसाहेब गर्मी म्हणोत की सर्दी म्हणोत, आपण बजा फर्माया म्हणायचं. अशी एकंदर सात वाक्यं होती. मला ती ह्यांच्या आधी पाठ झाली. मधेच भाकरी करपली की पेशकारसाहेबांचा पारा चढायचा आणि अहलकाराला चुलीतली राख काढावी लागायची. हसायचो आम्ही. तेव्हा हसू येत होतं.

हे नांदेडच्या तहसील कचेरीत अहलकार होते, कारकूनच म्हणा. निजामाचं राज्य, कचेरीतला सगळा कारभार उर्दूत. कागदावरची उर्दू ह्यांना झकास यायची. मुद्दई, मुद्दालेह, रकबा, पैमाईश, लेखणी कशी घोड्यासारखी पळायची. पण तोंड उघडायची वेळ आली की घोडं अडलंच म्हणून समजा. शाळेत शिकलेली उर्दू पुस्तकातली. बाजारातली उर्दू म्हणजे आपली दखनी, हौ आणि नक्को. आणि ह्यांचे वरिष्ठ पेशकारसाहेब पडले अस्सल खानदानी. त्यांचे वडील लखनौकडून हैदराबादेत आलेले. त्यांच्या बोलण्यात एवढे अदब, एवढे पदर, की माणूस आपल्याला पाणी मागून राहिला का घराबाहेर काढून राहिला हेच कळू नये.

म्हणून ती सात वाक्यं. ती शिकवली माझ्या वडलांनी. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. अण्णांचा सगळा जन्म उदगीरच्या कचेरीत कारकुनी करण्यात गेला. पेशकारसाहेब तरुणपणी उदगीरला होते, तेव्हाची अण्णांची ओळख. जावयाला नोकरी लागली ती त्याच वशिल्यावर. ह्यांना नांदेडला पाठवताना अण्णांनी समोर बसवलं आणि सांगितलं, "हे बघा जवाईबापू, कचेरीत खरं बोलायचं ते कागदावर. तोंडानं बोलायचं ते गोड. ही सात वाक्यं पाठ करा. आठवं वाक्य मनात आलं तर गिळा. आठव्या वाक्यानं लई जणांच्या नोकऱ्या गेल्या."

अण्णा घरीसुद्धा तसेच होते. माझी आई मी लहान असताना गेली. कशानं गेली हे मला कोणी सांगितलं नाही, आणि अण्णांना विचारायची सोय नव्हती. "अण्णा, आईला काय झालं होतं?" असं विचारलं की ते म्हणायचे, "देवाची इच्छा. जेवलीस का?" लग्न होऊन मी नांदेडला आले तरी तेच. वर्षातून एकदा माहेरी जायची. "काय गं, बरं हाय ना?" "हाव, अण्णा." "जवाईबापू बरे?" "हाव." झालं माहेरपण! दोन दिवस बाप आणि लेक एका घरात, आणि बोलणं एवढं. परत निघताना दर वेळी मनात यायचं, पुढच्या वेळी अण्णांना धरून बसवीन. म्हणीन, अण्णा, बोला माझ्याशी. आई कशानं गेली, तुम्ही दुसरं लग्न का केलं नाही, एकटे बसून संध्याकाळी काय विचार करता, सांगा. मला दुसरं काही नको होतं त्यांच्याकडून. पण ते एवढं मला हवं होतं, फार हवं होतं.

आता अण्णांच्या दुश्मनाबद्दल सांगते. कारण अण्णांना दुश्मन होता, खराखुरा, आणि तो भिंतीपलीकडंच राहायचा. त्यांचा सख्खा चुलतभाऊ, माझा काका. अण्णा कचेरीत गेले, काका शेतीत राहिला. दोन्ही घरांच्या मधे एक आड होता, त्याच्या पाण्यावरून भांडण लागलं. काकानं आडाच्या वाटेवर बोरीची काटी आणून टाकली, अण्णांनी फिर्याद केली. भाऊबंदकी ती, तिला काय तळ असतो का? पुढं पुढं आड आटला, पण फिर्याद काही आटली नाही. दोघं रस्त्यात समोरासमोर आले तर एक जण आभाळाकडं बघायचा, दुसरा जमिनीकडं. माझ्या लग्नात काका दारात उभा राहून अक्षता न टाकता परत गेला. मी नवरीच्या वेशात बघितलं ते. तेव्हापासून माझ्या मनात त्या माणसाविषयी नुसती आग होती.

एका हिवाळ्यात हे कचेरीतून आले ते हसत हसत. टोपी खुंटीला लावायच्या आधीच म्हणाले, "अगं, तुझ्या काकाचं काही खरं दिसत न्हाई."

"का? काय झालं?"

"आज पेशकारसाहेबांनी स्वतःहून जवळ बोलावलं. म्हणाले, सुना है, आपके खुसर साहब के दुश्मनों की तबीयत नासाज है."

खुसर म्हणजे सासरा. सासऱ्याच्या दुश्मनांची तब्येत बरी नाही. मी हातातली पळी तशीच धरून उभी राहिले.

"त्यांना कसं कळलं?"

"त्यांची सासुरवाडी उदगीरची न्हाई का? मेव्हणा तिथं आडत्या हाय. त्यानं लिहिलं असंल."

"जास्त हाय का?"

"जास्तच असावं. चेहरा लई गंभीर होता साहेबांचा. वर म्हणाले, रुखसतीची, म्हणजे रजेची, गरज असंल तर बिला तकल्लुफ, मोकळेपणानं सांगा."

"काकासाठी रुखसत? ती कशाला?"

"मला बी काही समजलं न्हाई. मोठ्या लोकांची रीत असंल. मी आपलं म्हणालो, हुजूर की दुआ है."

अगं बाई! ते वाक्य आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी मी काय केलं? मी शिरा केला. खोटं कशाला बोलू. तूप सढळ हातानं घातलं आणि म्हणाले, अण्णांच्या छातीवरची धोंड उतरली म्हणायची. करावं तसं भरावं. ह्यांनी दोनदा मागून घेतला.

घरी कागद आला नव्हता का, असं कोणी विचारील. अण्णांचं पत्र महिन्यातून एक यायचं आणि त्यात येथील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवणे, याच्यापुढं अक्षर नसायचं. त्या महिन्याचं अजून यायचं होतं. नाही आलं म्हणून काळजी करण्यासारखं काय होतं? आलं असतं तरी क्षेमच असतं.

चार-सहा दिवस गेले. मला मात्र राहवेना. मी ह्यांच्या मागं लागले. "एवढा मोठा माणूस तुमच्या सासऱ्याची एवढी आस्था दाखवून राहिला, आणि तुम्ही आपले पोपटासारखं दुआ है, इनायत है. त्यांना काय वाटत असंल? ह्या माणसाला जीभ हाय की न्हाई? पुन्हा विचारलं तर माणसासारखं एखादं आपलं वाक्य बोला. असंच जवळीक वाढती."

"अण्णा म्हणाले होते आठवं वाक्य गिळा म्हणून."

"अण्णा उदगीरला हायेत. तुम्ही नांदेडला."

आमच्या ह्यांचा स्वभाव गाईसारखा. बायकोनं वळवलं तिकडं वळले. दोन दिवसांनी पेशकारसाहेबांनी सगळ्या कचेरीदेखत विचारलं, "अब क्या हाल है दुश्मनों का?" आणि ह्यांनी रात्रभर मनात घोकून ठेवलेलं आपलं स्वतःचं, आठवं वाक्य टाकलं. हसतमुखानं टाकलं.

"हुजूर, ऐसे लोग जल्दी नहीं मरते."

घरी आले तेव्हा तोंड उतरलेलं. म्हणाले, "साहेबांनी हातातली लेखणी खाली ठेवली. तौबा तौबा म्हणाले आणि उठून आत गेले. मी सलाम केला तो घेतला न्हाई. सगळे अहलकार माझ्याकडं बघून राहिले. अगं, मी काय चुकीचं बोललो?"

"काही न्हाई," मी म्हणाले. दुसऱ्या दिवशीही सलाम घेतला नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांच्या पुढचे कागद उचलून दुसऱ्या अहलकाराकडं दिले. आम्हा दोघांना वाटलं, दुश्मनाचं का होईना, मरण काढलं म्हणून खानदानी माणसाला राग आला. नोकरी जाती की काय! ह्यांना घास गिळेना. मी म्हटलं, मी निस्तरते. बायकांत बायका बोलतील.

पेशकारसाहेबांच्या बेगम उदगीरच्या. म्हणजे एका परीनं माझ्या माहेरच्या. मी कधी गेले नव्हते त्यांच्याकडं, पण त्या दिवशी मोंढ्यातून हरभऱ्याचे ढाळे घेतले, हिरवेगार, आणि ते पदराखाली धरून दुपारी त्यांच्या जनान्यात गेले. ह्यांच्या वतीनं माफी मागायची, एवढंच डोक्यात. वाटेत वाक्यं जुळवत होते. बेगमसाहेबा, मिजाज कैसे हैं. आपके यहाँ सब खैरियत. मीसुद्धा शेवटी त्याच शाळेतली.

बेगम ओसरीत बसून सुपारी कातरत होत्या. चांगल्या अंगापिंडानं थोराड बाई. मी कोण ते त्यांच्या म्हाताऱ्या मोलकरणीनं सांगितलं. मी सलाम केला आणि तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी अडकित्ता खाली आपटला.

"तू इदर? तेरे बावा कू लकवा मारको पड़े हैं उदर, आन तू हरभरा लेको फिरती?"

मला कळेना. मी म्हणाले, "नाही हो बेगमसाहेबा, माझे अण्णा नव्हेत. त्यांचे दुश्मन आजारी आहेत."

मग त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "या अल्ला! अरी पगली, वो बोलने का तरीका है. साहब लोगाँ बीमार कू बीमार नै बोलते. बीमारी का नाम उसके दुश्मन पो डालते. तेरेच बावा बीमार हैं. आदा आंग गया. मेरा भाई लिखा, मैं साहब कू बोली, साहब तेरे मर्द कू बोले. कित्ते दिन हो गए!"

ढाळे माझ्या हातातून कधी पडले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी मोठ्यानं ओरडले. शब्द नव्हता त्यात काही. मग एकेक गोष्ट मागून मागून डोक्यात शिरायला लागली. दुश्मनांची तब्येत नासाज, हुजूर की दुआ है. रुखसत हवी का, हुजूर की दुआ है. आता कसे आहेत, असे लोक लवकर मरत नाहीत. आणि शिरा. अरे देवा, शिरा!

बेगमनी माणूस पाठवून पेशकारसाहेबांना आणि ह्यांना कचेरीतून बोलावून घेतलं. पडद्याआड मी, पडद्यापलीकडं ते दोघं. साहेबांना सगळं समजलं तेव्हा ते खालच्या आवाजात काहीतरी लांबलचक बोलायला लागले. अफसोस, सद अफसोस, असं काहीसं. तिथंही वाक्य संपेना! माझं डोकं भडकलं. परपुरुषाशी पडद्याआडून एवढ्या मोठ्यानं बोलायची रीत नव्हती, पण रीतीची मला तेव्हा शिसारी आली होती. मी मराठीत ओरडले, "साहेब, सरळ सांगायचं होतं की हो! बाप मरून राहिला, घरी जा म्हणून सांगायचं होतं! ताकाला जायचं आणि भांडं कशाला लपवायचं? कुणाचा जीव चाललाय तिकडं!"

हे रडत होते ते मला ऐकू आलं. साहेबांना मराठी समजायची. मग ते म्हणाले, आणि त्या आवाजात अत्तर नव्हतं, "बेटी, हमको बुरी खबर देना आता नहीं. किसी ने सिखाया नहीं. मेरी माँ मरी तो मुझे भी ऐसे ही बताया गया था. मैं भी नहीं समझा था."

तेवढं एक वाक्य त्यांनी आधी बोलायला हवं होतं. इतकी वर्षं एकमेकांचा मिजाज विचारत होते दोघं, अण्णा आणि ते, नंतर हे आणि ते. त्यात एकदाही कुणी कुणाला खरं विचारलं नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी कीवही आली, पण राग जास्त आला. तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आम्ही निघालो. मोटार अहमदपूरपर्यंतच. पुढची उदगीरची मोटार एकदम दुसऱ्या सकाळी. बैलगाडीचं बघितलं, पण बैल सगळे रानात. मुक्काम पडला. ह्यांनी ओळख ना पाळख अशा एका दुकानदाराच्या ओसरीत जागा मागितली. जंगम-वाण्याचं घर, गळ्यात लिंग असलेली माणसं. घरची बाई तूर निवडत बसली होती. रिवाजाप्रमाणं म्हणाली, "कुठं निघाला, माय? सगळं बरं हाय न्हवं?"

तोंडात हाव आलं होतं. जन्मभर तेच बोलले होते. मी ते गिळलं आणि म्हणाले, "न्हाई. काही बरं न्हाई. बाप मरून राहिला माझा आणि मला कळालं न्हाई."

बाई हातातलं सूप ठेवून माझ्याकडं सरकली. काय झालं, कसं झालं, काही विचारलं नाही. थोड्या वेळानं आपली आपणच म्हणाली, "माझी थोरली विहिरीत गेली. गेल्या साली. लोक इचारत्यात, कितीजणी लेकी? मी म्हणते, दोघी. तिघी व्हत्या." आणि ती रडायला लागली. मीही रडले. दोघी अनोळखी बायका एका सुपाच्या दोन बाजूंना बसून रडलो. तिचं नावसुद्धा मी विचारलं नाही. पण अण्णांशी मला जे बोलायचं होतं ते असं बोलायचं होतं, हे मला तिथं समजलं. मनात एकच घोळत होतं. अण्णांची वाचा शाबूत असू दे. अंग गेलं तर गेलं, मी उचलीन, धुवीन, भरवीन. देवा, त्यांना बोलता येऊ दे. एक दिवस दे, अर्धा दिवस दे. मी मिजाज विचारणार नाही, बरं हाय ना विचारणार नाही. सरळ विचारीन.

उदगीरला पोचलो तेव्हा उन्हं चढली होती. घराचं दार सताड उघडं. आत गेले तर अण्णा खाटेवर, एवढेसे झालेले, तोंड एका बाजूला ओढलेलं. आणि त्यांच्या पायाशी, त्यांचे पाय आपल्या मांडीवर घेऊन, तेल चोळत बसला होता काका.

"आलीस?" काका म्हणाला. एवढंच. जागा करून दिली.

मी अण्णांच्या उशाशी बसले. "अण्णा, मी आले." डोळे उघडे होते. माझ्याकडं वळले की नाही, मला आजही खात्रीनं सांगता येत नाही. "अण्णा, बोला. मी आले हाय. अण्णा, काही बी बोला." ओठ हलले नाहीत. घशातून नुसता घरघर आवाज. मी त्यांचा चांगला हात हातात घेतला आणि विचारायचं ते सगळं विचारलं. आई कशानं गेली ते विचारलं. एकटे संध्याकाळी काय विचार करत होतात ते विचारलं. हे दारात उभे राहून तोंडात धोतराचा सोगा कोंबून रडत होते. मला कोणाची लाज वाटली नाही. उत्तर काही आलं नाही.

दुपारी घरघर वाढली. काकानं चमच्यानं पाणी घातलं, ते ओघळलं. त्यानं आपल्या उपरण्यानं पुसलं. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीपलीकडून त्याची सून सारखी गरम पाणी आणून देत होती. मग तो म्हणाला, "निरोप पोचला न्हाई का गं? ज्या दिवशी पडला, त्याच दिवशी मी आडत्याकडं गेल्तो. मला कुठं लिहाया येतं? तो म्हन्ला, माझा मेव्हणाच पेशकार हाय, जवाई त्येच्या हाताखाली हाय, आजच्या आज कळतंय. म्हन्लं, चला, मोठ्या माणसाच्या हातून गेलेला निरोप, लवकर पोचंल."

मी त्याच्याकडं बघितलं. राबून राबून काळं पडलेलं तोंड, आणि डोळे जागून लाल. त्याला गोड बोलून फसवायचं माझ्या जिवावर आलं.

"पोचला, काका. निरोप पोचला. पण आम्हाला वाटलं तुम्ही आजारी हाव."

"मी?"

"साहेब म्हणाले, अण्णांचे दुश्मन आजारी हायेत. आम्हाला वाटलं, म्हणजे तुम्ही."

काका कितीतरी वेळ अण्णांच्या तळपायाला तेल चोळत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी मी मरून राहिलो म्हणून तुम्ही तिकडं बसून राहिला."

"हाव."

"बराबर हाय," तो म्हणाला. "भांडण व्हतंच आमचं." त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. भाऊ पडल्याचं कळलं तेव्हा आडाच्या वाटेवरची काटी काढून तसाच आलो, एवढंच त्यानं पुढं सांगितलं. मी वाकून त्याच्या पायाला हात लावला. त्यानं पाय मागं घेतला.

"काका, अण्णा काही बोलत होते का?"

"बोलत व्हता की. तोंड वाकडं झाल्तं, पर बोललेलं कळायचं. रोज इचारायचा, पोरगी आली का? सकाळी इचारायचा, दिवेलागणीला इचारायचा. मी म्हणायचो, येऊन राहिली. वाटंत हाय. रोज तेच म्हणायचो. दुसरं काय म्हणू?"

"मग?"

"मग परवापासनं त्यानं इचारायचं सोडून दिलं."

मला तेवढा एक आधार हवा होता. मी म्हणाले, "वाचा गेली म्हणून, न्हाई का काका? परवा वाचा गेली असंल त्यांची."

काकानं मान हलवली. तो शेतकरी माणूस. त्याला सात वाक्यं कुणी शिकवली नव्हती.

"न्हाई, माय," तो म्हणाला. "वाचा काल गेली."